शिंप्याच्या दुकानानंतर

रेवतीचं पत्र येऊन सात वर्षं झाली होती आणि हृषीकेश किणीकरांनी अजून त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र लहानसंच होतं. 'दादा, एक वेडपट प्रश्न विचारते, हसू नकोस. सोनगावच्या आपल्या घरातून नदीवर जाताना आधी दगडी हौद, मग पिठाची गिरणी, मग अकबर शिंप्याचं दुकान. शिंप्याच्या दुकानानंतर काय होतं रे? तिथं आलं की माझं पाऊल अडतं. लवकर कळव.'

किणीकर हसले नव्हते. उत्तर त्यांना ठाऊकही होतं. पण जन्मभर पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासलेला हा माणूस खात्री केल्याशिवाय स्वल्पविरामसुद्धा हलवत नसे. शिंप्यानंतर लगेच मिरचीकांडप की मध्ये एक न्हाव्याचं दुकान होतं? जाऊन बघावं, तर वारणेच्या पूरभिंतीसाठी ती अख्खी आळी कधीच पाडलेली. त्यांनी मसुदे लिहिले, न्हाव्यापाशी अडखळले, फाडले. रेवतीनं पुन्हा विचारलं नाही. दिवाळीला तिचा फोन यायचा, दोघं एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायचे, आणि पत्राचा विषय कुणीच काढत नसे.

आता पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या विमानतळावर ठसाघराच्या रांगेत उभं असताना ते पत्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं. रेवती याच शहरात राहायची. नदीकाठच्या तिच्या घरी पाहुण्यांना खोल्या भाड्यानं मिळत. त्यातली एक त्यांनी एजंटामार्फत घेतली होती, नाव न कळवता. येतोय म्हणून कळवायचं तर आधी पत्राचं उत्तर द्यायला हवं होतं.

"काका, पहिल्यांदाच का?" पुढच्या बाईंनी मागे वळून विचारलं. पुण्याच्या होत्या, शैलजाताई पानसे. विमानात शेजारीच बसल्या होत्या. "घाबरू नका हो. टोपी घालतात, जरा मुंग्या येतात, की झालं. बाहेर पडलात की गाव तुमचंच. मी सात-आठ शहरांचे ठसे घेतलेत."

"आणि त्यात गेलं काय तुमचं?"

"अहो, काय गेलं ते आठवत असतं, तर ते गेलं कसं म्हणायचं?" शैलजाताई स्वतःच्याच बोलण्यावर खळखळून हसल्या आणि पडद्याआड गेल्या. थोड्या वेळानं बाहेर आल्या त्या बॅग ओढत, कुठंही न बघता, माहेरी निघालेल्या बाईसारख्या झपाझप चालत.

वाटठसा म्हणतात तो हाच. माणसाच्या मेंदूत खोलवर, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो. तिथल्या काही पेशी ठरावीक जागी आल्यावरच जाग्या होतात. एक दाराशी, दुसरी कोपऱ्यावर, तिसरी पायरीपाशी. त्यांना ठिकाणपेशी म्हणतात. ओळखीच्या गावातून आपण विचार न करता चालतो ते या पेशींच्या जोरावर. एखाद्या शहरात जन्म घालवलेल्या माणसाच्या ठिकाणपेशींची ही मांडणी टिपून घेऊन नवख्याच्या मेंदूत उमटवता येते, हे एकदा सिद्ध झालं आणि जग बदललं. परक्या शहरात हरवणं संपलं. हरवणंच संपल्यावर रस्त्यांच्या पाट्या कशाला हव्यात? त्या उतरल्या. मोबाइलमधले नकाशे बंद पडले. जे कुणी बघत नाही ते सांभाळणार कोण? गाड्यासुद्धा बसणाऱ्याच्या मनातल्या ठशावर चालू लागल्या. ठसा नसलेला माणूस आत बसला तर त्या जागच्या हलत नसत.

पडद्याआड डॉक्टर इनेश तेशैरा नावाच्या मध्यमवयीन बाई होत्या. किणीकरांच्या कानातल्या दुभाष्या यंत्रानं त्यांचं पोर्तुगीज मराठीत आणलं: "मान्यवर, कृपया आपले मस्तक या टोपीत स्थापित करावे."

"आधी एक विचारायचं होतं," किणीकर म्हणाले. अशा वेळी त्यांचा आवाज नेहमी बसायचा. "नव्या ठशाला डोक्यात जागा कुठून मिळते?"

डॉक्टरांनी टोपी खाली ठेवली. हा प्रश्न त्यांना क्वचितच कुणी विचारत असावं. "जुन्यातून. जी वाट तुम्ही सर्वांत कमी चालता, तिच्या पेशी मेंदू मोकळ्या करतो. बहुतेकांची एखादी जुनी कचेरी जाते, कुठलं तरी हॉटेल जातं. कुणाला पत्ताही लागत नाही."

"कोणती जाईल ते आपण ठरवू शकतो?"

"नाही. चालणं बंद झालेली अशी एखादी वाट आहे तुमची?"

"एक आळी आहे. पाडून वीस वर्षं झाली."

"मग बहुधा तीच जाईल."

"माझी बहीण परिचारिका होती. मस्कत, ग्लासगो, वेलिंग्टन, मग इथं. प्रत्येक ठिकाणी नोकरीसाठी ठसा. एकदा तिनं मला पत्रातून विचारलं, आपल्या घराजवळच्या दुकानानंतर काय होतं म्हणून. असं अर्धवट विसरायला होतं का?"

"होतं." डॉक्टर आता दुभाष्याच्या थाटातून जरा बाहेर आल्यासारख्या बोलल्या. "वाट एकदम जात नाही. आधी मधलीच एक जागा पुसते, मग तिच्या दोन्ही बाजू. तेवढ्यात कुणी ती वाट पुन्हा पुन्हा सांगत राहिलं, तर धरून ठेवता येते. साधारण वर्षभर."

"आणि वर्ष उलटून गेलं तर?"

"वाटेबरोबर बाकीचंही जातं. आठवणी जागांना टांगलेल्या असतात. खुंटीच उपटली, की तिच्यावरचे कपडे खाली. माणसं आठवतात, नावं आठवतात. पण तिथं काय घडलं, आपण तिथं कोण होतो..." त्यांनी हात पसरले. "सांगून सांगून ते परत आणता येतं का, मला माहीत नाही. कुणी करून पाहिलेलं नाही. सांगणारा उरायला तर हवा! त्यानंही ठसे घेतलेलेच असतात."

किणीकर उठले. त्यांच्या लक्षात आलं, की सोनगावची ती वाट आता जगात एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण या टोपीखाली चाललं होतं.

"मला नको ठसा."

"मान्यवर, बाहेर पाट्या नाहीत. आपण पोहोचणार नाही."

"नदीकाठी, लोखंडी पुलाखाली, दारावर पितळी मासा. एवढं मला माहीत आहे," किणीकर म्हणाले. आपण इतक्या ठामपणे बोललो याचंच त्यांना नवल वाटलं. "बघतो."

शहराच्या मध्यावर जाणारी रुळांवरची गाडी एकच होती. तिला ठसा लागत नसे आणि चुकायलाही वाव नव्हता. खिडकीजवळ बसून त्यांनी वहीचं पान फाडलं आणि सात वर्षं न लिहिलेलं उत्तर लिहायला घेतलं. न्हाव्यापाशी हात थांबला. मग त्यांनी न्हाव्याला शिंप्याच्या समोरच्या बाजूला बसवलं आणि पुढं गेले. एक काना राहिला, तो राहू दिला. घडी घालून वर नाव लिहिलं: रेवतीस.

शेवटच्या स्टेशनाबाहेर रस्ते पाच दिशांना फुटले होते. घरांच्या कोपऱ्यांवर जुन्या पाट्यांच्या जागी फिकट चौकोन तेवढे उरले होते. किणीकर एका पावाच्या दुकानात शिरले.

"लोखंडी पुलाखाली जायचंय. वाट सांगता?"

"सोपी आहे!" पाववाला म्हणाला. "बाहेर पडायचं आणि..." तो थांबला. पिठानं माखलेला हात हवेत राहिला. "आणि जायचं."

"उजवीकडे की डावीकडे?"

"अहो, मी रोज जातो तिथं!"

"तेच विचारतोय. कसं जाता?"

"पाय जातात." त्यानं बायकोला हाक मारली. तीही आली, तिलाही माहीत होतं, तिलाही सांगता येईना. "विचित्रच आहे," बायको म्हणाली, "आजवर कुणी विचारलंच नाही." पाववाल्याला मात्र राग आला. "ठसा का घेत नाही तुम्ही? गिऱ्हाइकं खोळंबलीत."

किणीकरांना ओशाळायला झालं. परत विमानतळावर जावं, असंही क्षणभर मनात आलं. मग खिशातलं पत्र हाताला लागलं आणि ते स्टेशनाकडे पाठ करून समोरच्या पायऱ्या उतरू लागले.

सोनगावात वाट सांगताना उजवी-डावी कुणी म्हणत नसे. वरल्या अंगाला, खालच्या अंगाला, असं सांगत. खालचं अंग म्हणजे नदीचं. बाबा म्हणायचे, चुकलात तर पाण्याला विचारा, ते कधी गप्प बसत नाही. कुणी तरी अंगण धुतलं होतं आणि साबणाचं पाणी गटारीतून खळखळत चाललं होतं. किणीकर त्याच्या मागं निघाले. गुडघे कुरकुरत होते. बॅग प्रत्येक पायरीवर आपटत होती. दोन वळणं उतरल्यावर पाणी एका भिंतीखालच्या भोकात शिरलं आणि नाहीसं झालं. पुढं रस्ता बंद.

भिंतीशेजारच्या खिडकीत एक म्हातारी कपडे वाळत घालत होती. किणीकरांनी या वेळी वेगळं विचारलं. "बाई, सांगू नका काही. डोळे मिटा, पुलाखाली निघालाय असं समजा, आणि नुसता हात करा."

म्हातारीनं संशयानं पाहिलं, पण डोळे मिटले. तिचा सुरकुतलेला हात हळूहळू वर आला आणि दोन घरांमधल्या एका फटीकडे ठाम रोखला गेला. डोळे उघडून स्वतःच्या हाताकडे बघत ती खुदकन हसली. "बघा तरी! याला माहीत होतं!"

त्या फटीतून उतरल्यावर नदी दिसली. मग पूल, आणि पुलाच्या सावलीत एक दार, दारावर पितळी मासा. घंटा वाजवायला उचललेला हात किणीकरांनी मागं घेतला. समोर तोंडानं सांगणं त्यांना जमलं नसतं. त्यांनी दारातल्या पत्रपेटीच्या फटीतून घडी आत सोडली.

आत सपाता वाजल्या. कागद उलगडल्याचा आवाज आला. रेवती लहानपणापासून मोठ्यानं वाचायची. अजूनही तसंच वाचत होती.

"'...शिंप्याच्या दुकानानंतर मिरचीकांडपाचा बोळ. तिथं तू एका हातानं नाक दाबायचीस, दुसऱ्या हातानं माझ्या दप्तराचा पट्टा धरायचीस आणि डोळे मिटून पळायचीस. बोळ संपला की आपण दोघं शिंकत शिंकत हसायचो. मग घाटाच्या पायऱ्या. उत्तराला उशीर झाला. तुझा दादा.'"

मग ती आतल्या बाजूला, नवऱ्याला उद्देशून बोलली. तो गोव्याचा, मराठी समजणारा.

"मिंगेल, अहो, दादाचं पत्र आलंय! म्हातारपणी गोष्टी लिहायला लागलाय वाटतं. कुठल्या तरी गावातली वाट आहे, एक मुलगी आहे. गोड आहे हो मुलगी."

"उशीर झाला कशाला म्हणतो?" मिंगेलनं विचारलं.

"कुणास ठाऊक. मी कुठं काय विचारलं होतं त्याला?"

किणीकर पायरीवर बसले. नदीवरून वारा येत होता. मग त्यांनी वही काढली, गुडघ्यावर ठेवली आणि नव्या पानावर पहिल्यापासून लिहायला सुरुवात केली. 'रेवू, ती मुलगी तू. आपल्या घरातून निघालं, की खालच्या अंगाला आधी दगडी हौद.' पान भरलं. त्यांनी ते न तपासता फाडलं, घडी घातली आणि दाराच्या फटीतून आत सोडलं.

मग पुढचं पान घेतलं.