हिरवं खाणारं पाणी

हेमांगीचा जीव त्या शेवाळानं मेटाकुटीला आणला होता. जरा ऊन पडलं की बंगल्यामागचा पोहण्याचा तलाव हिरवा व्हायचा, फरशा बुळबुळीत व्हायच्या, आणि साठी उलटलेली ही बाई दुखरे गुडघे सांभाळत ब्रशनं घासत बसायची. क्लोरीन टाकावं तर तिच्या नवऱ्याला, शिरीषला, धाप लागायची. पक्षाघातानंतर त्याला जमिनीवर उभंही राहता येत नव्हतं. पाण्यात मात्र कठड्याला धरून तो चालायचा. त्यासाठीच हा सगळा उपद्व्याप. पाणी गेलं तर त्याचं चालणं गेलं.

यंदा तिनं हरितभक्षी आणले. प्रयोगशाळेत घडवलेले हे जिवाणू पाण्यातलं शेवाळ खायचे आणि ते संपलं की उपासमारीनं मरायचे. निदान कंपनीचं म्हणणं तसं होतं. अट एकच, तलावातलं पाणी बागेत जाऊ द्यायचं नाही. हेमांगीनं ती डोळ्यांत तेल घालून पाळली. पाणी तळ दिसेल इतकं नितळ झालं. कित्येक वर्षांनी तिला दुपारी स्वस्थ झोप लागली.

अनंत चतुर्दशीला गल्लीनं गळ घातली, "नदी घाण झालीय, तुमच्याकडेच विसर्जन करू." शाडूच्या मूर्ती पाण्यात विरघळू लागल्या, आणि रीतीप्रमाणे प्रत्येकानं तळाशी बसलेली मूठभर माती पाटावरून घरी नेली. हेमांगीनं आपली मूठ तुळशीत टाकली. कंपनीनं पाण्याचं बजावलं होतं. मातीचं तिच्या मनातही आलं नाही.

आठवड्यात तुळस पांढरी पडली. वाळली नाही, नुसती पांढरी. मग शेजारची जास्वंद.

कंपनीतल्या बाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. "तलाव आजच बंद करावा लागेल. वर्षभर तरी त्यात उतरता येणार नाही."

"आणि माझ्या नवऱ्याचं चालणं?"

"ती माती आणखी कुठं गेलीय का?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणून टाकावं, असं हेमांगीला फार वाटलं. ती थकली होती. आता कुठं हाताला विसावा मिळाला होता.

"हेमा, खरं ते सांग," चाकांच्या खुर्चीतून शिरीष म्हणाला. "मी बसेन खुर्चीत. सवय आहे मला."

तिला रडू आलं. तिनं खरं ते सांगितलं आणि गल्लीत एकेकाला फोन लावायला घेतले. पहिला पल्लवी म्हसकरला. गल्लीच्या टोकाशी म्हसकरांचं शेत होतं, भात पोटरीला आला होता.

"माती ना? ती तेव्हाच टाकली, काकू," पल्लवी म्हणाली. "थोडी घराच्या कोपऱ्यांत, बाकीची खाचरात. आमच्या सासूबाई म्हणतात, बरकत येते. थोडी नणंदही घेऊन गेली, तिच्याकडे कोकणात. का हो, काही चुकलं का?"