आतली चांदणी

कोल्हापूरच्या नाणेपरीक्षण प्रयोगशाळेत डॉ. शर्वरी ओगले यांचा शब्द शेवटचा मानला जाई, आणि त्यांना स्वतःलाही ते मनापासून मान्य होते. त्यांच्या यंत्राचे नाव ताणचित्रक. ते नाण्याच्या पृष्ठभागाचा नव्हे, तर आतल्या धातूतल्या ताणाचा फोटो काढी.

नव्याने रुजू झालेल्या धातुशास्त्रज्ञ यशोधन मेश्रामांना त्या आज यंत्र समजावून देत होत्या.

"छापताना ठशाचा दाब आतल्या कणांवर पडतो. वरची खूण घासून काढली, तरी आतली घडी विस्कटलेलीच राहते."

"म्हणजे धातू काही विसरत नाही."

"दाब विसरत नाही. आधीचा कोणता, नंतरचा कोणता, तेही सांगतो. कोणी दिला, ते मात्र सांगत नाही."

"आणि वापरातल्या नाण्यावरचे ओरखडे?"

"त्यांचं तर रानच असतं. यंत्र ते गाळून टाकतं आणि खुणेचं स्वच्छ चित्र तेवढं ठेवतं."

"शिकंज्यात हे दुसरं नाणं कशाला?"

"ते नमुना नाणं, चांदणीचं. तपासायच्या नाण्यावर पालथं ठेवून घट्ट आवळायचं, की खुणेची जागा बरोबर जुळते."

चांदणी ही एका टाकसाळीची खूण. दुसरीची चौकट, तिसरीचा ठिपका. एक टाकसाळ तर नाण्यावर छापलेल्या सालाखाली काहीच कोरत नाही, खूण नसणे हीच तिची खूण. संग्राहकांचे सगळे प्रेम आणि सगळी भांडणे या मोहरीएवढ्या जागेवरून.

मिरजेचे निवृत्त चित्रकला शिक्षक लतीफ बागवान यांनी गेल्या महिन्यात असेच एक नाणे आणले होते. त्यावर छापलेल्या वर्षी तसे नाणे फक्त चांदणीच्या टाकसाळीत निघाले होते, आणि यावर चांदणी नव्हती. ठशातली चांदणी मळाने बुजली असेल, असे सरांचे म्हणणे. तसे असेल तर नाणे लाखात एक. ताणचित्रकाने मात्र आत लखलखीत चांदणी दाखवली. संग्राहक मंडळाच्या भरल्या सभेत शर्वरीबाईंनी ते चित्र पडद्यावर टाकले आणि म्हणाल्या, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? चांदणी होती. सरांनी कानशीने घासली." सर नाणे रुमालात बांधून निघून गेले, आणि मंडळाने त्यांचे नाव कमी केले.

मेश्रामांनी खिशातून सुटे नाणे काढले. "हे बिनखुणेच्या टाकसाळीचं. सहज बघू या का?"

"आपण आजवर चांदणीच्याच टाकसाळीची नाणी तपासली. पण बघा की."

नाणे आवळले, चित्र उमटले. सालाखाली चांदणी होती.

मेश्रामांनी शिकंजा सैल करून नमुना नाणे हातात घेतले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, ही नमुना नाण्याची आहे. शिकंजा आवळला की वर काही उमटत नाही, पण आत दाब बसतो. ही चांदणी आपणच छापतो आहोत."

शर्वरीबाईंना मेल्याहून मेल्यासारखे झाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, असे त्या इतरांना सुनावत आल्या होत्या. आता आपल्याच जिभेची त्यांना किळस आली.

"सर निर्दोष आहेत, हे सिद्ध करता येईल," मेश्राम म्हणाले. "नमुना नाणं काढा, ओरखडे गाळू नका, आणि फोटो घ्या. त्यांनी चांदणी घासली असती, तर कानशीचा दाबही आत दिसेल. नसेल, तर घासलेलीच नाही."

त्या दुपारीच शर्वरीबाई मिरजेला गेल्या. सरांनी दार उघडले, बसायला खुर्ची दिली आणि चहाचे विचारले. या अगत्याने त्या जास्तच खजील झाल्या. मान खाली घालून त्यांनी सगळे सांगितले. यंत्र चुकले असे न म्हणता मी चुकले असे म्हणाल्या, आणि शेवटी नाणे मागितले.

सरांनी कपाटातून रुमाल आणून सोडला. सालाखाली नुकतीच घासलेली, चकचकीत जागा होती.

"सर, हे काय?"

"सभेहून आलो, तर झोप लागेना," सर म्हणाले. "इतकी वर्षं भिंगातून बघत आलो, मला कधी दिसली नाही. यंत्र कशाला खोटं बोलेल? म्हातारपणी माझीच नजर गेली असेल म्हटलं. मग कानस घेतली आणि आत आहे का ते बघितलं."

शर्वरीबाईंनी नाणे उजेडात धरले. आता कोणीही, कोणत्याही यंत्राने या नाण्याचा फोटो काढला, तर आधी पडलेला दाब चांदणीचा आणि नंतरचा कानशीचा, असाच क्रम दिसणार होता. त्यांनी सभेत सांगितला होता, अगदी तसाच.

"मी सभेत उभी राहून सांगेन, सर. चूक माझी होती, सर्वांसमोर सांगेन."

सरांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली.

"सांगा की. पण मंडळी नाणं बघायला मागतील, मॅडम."