ॲल्बीचा पेला

विश्वास ठेवा, नका ठेवू. हे माझ्या सख्ख्या इनिड मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि ती थापा मारणारी बाई नाही.

फेब्रुवारीतली संध्याकाळ. इंग्लंडमधली सेव्हर्न नदी दुथडी भरून वाहत होती. हेडली मावशीला काठावरच्या 'जुना नावाडी' पबमध्ये घेऊन आला. तीन वर्षांनी तिने तिथे पाऊल टाकलं, तेही त्याच्या आग्रहाखातर. आज तो सगळ्यांसमोर त्या दोघांच्या लग्नाची बातमी सांगणार होता.

"ये गं बाई! तुझी खुर्ची शेकोटीपाशीच ठेवलीय," मालकीण मार्जरी म्हणाली.

शेकोटीवरच्या फळीवर नेहमीच्या गिऱ्हाइकांचे कथिलाचे पेले होते. तिथला जुना रिवाजच आहे. नदीवर जाताना आपला पेला उपडा ठेवायचा, परतल्यावर सुलटा करायचा. पब बंद होताना एखादा उपडा दिसला, की सगळे कंदील घेऊन शोधायला निघतात.

मावशीचा नवरा ॲल्बी बुडाला, त्या दिवशी त्याचा पेला सुलटा होता.

म्हणून कोणी गेलंच नाही.

"विसरभोळा मेला! एवढं साधं सुचलं नाही त्याला." तीन वर्षं मावशी याच रागात रडली. आणि तीन वर्षं ॲल्बीचा जिवलग मित्र हेडली तिचे डोळे पुसत होता.

हेडलीने घसा खाकरला. "मंडळी, एक गोड बातमी..."

चुर्र...

शेकोटीत पाणी पडलं.

सगळ्यांनी वर पाहिलं. छत कोरडं ठणठणीत.

टप्... चुर्र...

पाणी फळीवरून गळत होतं. गढूळ. नदीच्या वासाचं.

ॲल्बीचा पेला... उपडा होता.

"हा चावटपणा कुणाचा?" मार्जरी ओरडली. पण जागचं कोणी हललंच नव्हतं.

हेडली पांढराफटक पडला. झडप घालून त्याने पेला सुलटा केला. "परत कसा उपडा झाला हा? त्या दिवशी मी स्वतः सुलटा करून..."

तो थांबला.

उशीर झाला होता.

"तू?" मावशी कशीबशी म्हणाली. "माझ्या घरी जेवलास, माझ्याजवळ बसून रडलास... केसानं गळा कापलास रे माझा!"

बोटातली त्याची अंगठी शेकोटीत फेकून ती निघून आली.

गेल्या महिन्यात मार्जरीचा फोन आला. मी शेजारीच होते.

"इनिड, हेडलीचा पेला उपडा दिसतोय गं. ओला आहे. तो तर नदीकडे फिरकतही नव्हता... पण घरीही नाहीये. माणसं म्हणतात, इनिड सांगेल तसं करू. कंदील काढू का?"



"सुलटा करून ठेव," मावशी म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

हेडली अजून सापडलेला नाही.

मावशी कपाटातले सगळे कप सुलटे ठेवते. तेव्हापासून रोज सकाळी त्यातला एक उपडा असतो... ओला. काल मी तो सुलटा करायला गेले, तर तिने माझा हात घट्ट धरला.

"राहू दे," म्हणाली. "एकदा केला सुलटा. आता नको."