काकांचं अकाउंट

ही गोष्ट ज्याच्यावर गुदरली तो माझा साडू आहे. साडूची जाहिरात करायला कुणी खोटं बोलत नाही. जे झालं तेच सांगतोय.

गेल्या वर्षी दिवाळी संपल्यावरचा रविवार. नाहूरची एक जुनी सोसायटी, दुसरा मजला.

रात्र नव्हती. भर दुपार होती. खाली कुणीतरी पाइप लावून गाडी धूत होतं.

साडूचं नाव चंद्रप्रकाश. चारकोपच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. त्याच्या हिशेबी जगात माणसं दोनच प्रकारची. एक तो, आणि बाकी गाढवं.

त्याला बोलावलं होतं रत्नप्रभाकाकूंनी. त्याचे चुलत काका दत्ताराम श्रावणात गेले, त्यांच्या या बायको. मुलगी जान्हवी घरी बसून विम्याचे क्लेम तपासते. बाबा गेल्यावर घर तिच्याच नोकरीवर. आणि कॉम्प्युटर असा रखडायचा, की साहेबाने बजावलं होतं, सोमवारपासून काम वेळेत आलं नाही तर दुसरी मुलगी बघतो.

"दादा, क्लिक करते ना, तर लगेच काही होतच नाही," जान्हवी म्हणाली. "मग होतं. जसं कुणीतरी आधी विचार करतंय."

"विचार माणसं करतात. तीसुद्धा सगळी नाहीत."

चंद्रप्रकाशने स्क्रीनकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. वॉलपेपरला लुकलुकत्या दिव्यांचा गणपती. त्यावर इतके आयकॉन, की बाप्पा सोंडेपुरता उरलेला. दोन अँटीव्हायरस, एकमेकांवर पहारा देत.

"डेस्कटॉप आहे की भाजी मंडई गं?"

त्याने दिवे विझवले. आयकॉन उचलले. चालू होताच आपोआप उघडणारे फालतू प्रोग्राम बंद केले. मशीन पुन्हा सुरू केलं.

डेस्कटॉप आला...

पण आधीपेक्षाही हळू.

मग त्याने आत काय चालू आहे ते बघायला टास्क मॅनेजर उघडला, आणि खुर्ची पुढे ओढली.

एकाच मशीनवर दोन डेस्कटॉप चालू होते. पुढे जान्हवीचा. आणि त्याच्या मागे...

दत्ताराम.

"काकांचं अकाउंट कोण उघडतं?"

"कुणीच नाही."

"मग काढून का नाही टाकलं?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. काकूंनी पदर सावरला.

"दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना रे. जान्हवीचं लग्न करू म्हटलं, गावचं घर शाकारू म्हटलं. कावळा नुसता भिंतीवर बसून. शेवटी ही रडत म्हणाली, बाबा, तुमचा कॉम्प्युटर कुणी पुसणार नाही. तसा आला बघ खाली."

"म्हणून मी माझं अकाउंट वेगळं काढलं," जान्हवी म्हणाली. "बाबांचं तसंच ठेवलं."

चंद्रप्रकाश इतका हसला की त्याला ठसका लागला.

"माझ्या ऑफिसात हे ठरवायला मीटिंग लागते. तुमच्याकडे कावळा ठरवतो! झकास!"

त्याने दत्तारामला लॉग आउट केलं. मशीन भिरभिर पळायला लागलं. जान्हवीचा चेहरा उजळला.

चंद्रप्रकाश हात झटकणार, तेवढ्यात माउसचा बाण अडखळला...

दत्ताराम. पुन्हा.

त्याने इंटरनेटची वायर उपटली. मशीन बंद करून चालू केलं. दोन नावं आली. काकांच्या नावाखाली लिहिलेलं, आधीच आत आहेत.

पासवर्ड नव्हताच. त्याने नावावर क्लिक केलं.

तो डेस्कटॉप मात्र क्षणात उघडला. स्वच्छ, रिकामा. मध्ये पत्त्यांचा डाव, एकट्याने खेळायचा. रिटायर झाल्यावर काका दिवसभर तोच खेळायचे.

डाव अर्धा होता.

चंद्रप्रकाशचे दोन्ही हात मांडीवर होते.

...बदामची राणी उचलली गेली. थोडी रेंगाळली. मग काळ्या राजावर जाऊन बसली.

काकूंनी तोंडाला पदर लावला.

"व्हायरस आहे," चंद्रप्रकाश म्हणाला. आवाज जरा चिरका निघाला, म्हणून पुन्हा म्हणाला. "व्हायरस आहे. फाइलींसकट उडवतो."

"नको दादा. शब्द दिलाय."

"शब्द कावळ्याला दिलास. उद्या साहेबाला काय देणार? बोल, नोकरी पाहिजे की कावळा?"

जान्हवीने आईकडे पाहिलं. आई फरशीकडे बघत होती.

"काढ," जान्हवी म्हणाली.

त्याने बटण दाबलं.

मशीनची घरघर थांबली. खालचं पाणीही थांबलं. वर पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता...

आणि खुर्ची करकरली. माणूस उठताना करकरते, तशी.

खुर्चीत चंद्रप्रकाश बसला होता. आणि तो उठला नव्हता.

मग सगळे आवाज परत आले. काकांचं नाव गेलं होतं. मशीन असं पळत होतं, की जान्हवीने आनंदाने चारचार खिडक्या उघडून पाहिल्या.

काकू चहा टाकायला गेल्या. आतून म्हणाल्या, "चंदू, साखर किती रे?"

तो स्क्रीनकडेच बघत राहिला.

चहा आला. पुढ्यात ठेवला. त्यावर साय धरली.

"एक चमचा," चंद्रप्रकाश म्हणाला.

आज जान्हवीची नोकरी पक्की आहे. साहेब खूश. पण चंदूदादाकडे बघून ती समजायचं ते समजली. तिने 'दत्ताराम' नावाचं अकाउंट पुन्हा बनवलंय. उघडून ठेवते, आणि मशीन कधी रखडतंय याची वाट बघते.

ते रखडत नाही. भिरभिर पळतं. ती त्याच्यासमोर बसून रडते.

आणि चंद्रप्रकाश? डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल. फक्त काही विचारलं की उत्तर उशिरा येतं. माणसांना गाढव म्हणणंही सुटलं. वेळेत जमत नाही.

परवा मी त्याला स्टेशनपर्यंत सोडायला गेलो होतो. विचारलं, "बरा आहेस ना रे?"

तो माझ्याकडेच बघत होता. पापणी हलत नव्हती. मी थांबलो...

खरं सांगतो, उत्तर न घेताच निघून आलो. कारण तिथे उभं राहून मला वाटलं, माझा प्रश्न आधी दुसऱ्याच कुणापाशी पोचतोय. आणि तो सवडीने ठरवतोय, पुढे द्यायचा की नाही.