गोंग सरांच्या बारा पेट्या

पेटीला भोकं पाडायला मी दोन दिवस जादा का मागते, असं तुम्ही विचारलंत. गिऱ्हाइकांना मी हे सहसा सांगत नाही. पण तुमच्या विंचवाच्या पेटीचे सांधे सुकायला अजून तासभर जाईल. चहा घ्या, सांगते.

पंधरा वर्षांपूर्वी मी या च्याई गावात देवळांच्या दानपेट्या आणि दुकानांच्या पाट्या बनवायचे. तेव्हा गोंग सर माझ्याकडे पहिल्यांदा आले. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, उंच, अबोल. त्यांच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि डब्यात माझ्या पंजाएवढा केसाळ कोळी. त्याच्यासाठी अ‍ॅक्रिलिकची पेटी हवी होती. मी ओरडले नाही, एवढंच काय ते माझं शौर्य.

पुढे या प्राण्यांचं घर कसं बांधायचं ते सरांनीच मला शिकवलं. जमिनीवर राहणाऱ्या कोळ्याची पेटी बुटकी हवी; उंचावरून पडला तर त्याचं पोट फुटतं. जाळी नको, तिच्यात त्याच्या नख्या अडकतात. आणि भोकं समोरासमोरच्या दोन भिंतींना पाडायची, एकीकडे खाली, दुसरीकडे वर, म्हणजे हवा आरपार जाते. सांध्यात कुठे बुडबुडा राहिलेला दिसला की ते पेन्सिलीनं त्यावर तीनदा टकटक करायचे आणि पेटी माझ्याकडे सरकवायचे. तोंडानं काही बोलायचे नाहीत. मला फार लागायचं ते.

मग एका वर्षी वसंतात सर वारले. मागे आठ कोळी आणि चार विंचू राहिले. सरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, त्यांची भयंकर भीती; पण सरांनी प्रत्येकाला आपल्या वर्गातल्या एकेका द्वाड पोराचं नाव दिलेलं, त्यामुळे कुणाला देऊन टाकायचीही सोय नव्हती. काकू लांब चिमट्यानं रातकिडे सोडायच्या, तेही मान वळवून. आणि त्यांची मुलगी वेन-च्यू गरोदर होती. बाळंतपणानंतर महिनाभर ती माहेरी राहणार होती. तिनं आईला बजावलं होतं, सगळी जनावरं पक्क्या कुलपात गेली पाहिजेत. एक जरी मोकळं दिसलं तरी ती बाराही प्राणी बर्फाच्या कप्प्यात टाकणार होती.

काकू माझ्याकडे आल्या. बारा नव्या पेट्या हव्यात, प्रत्येकीला झाकण आवळायच्या दोन फिरक्या, आणि भिंतीला एकही भोक नको, पाडायचीच तर झाकणाला पाडा. मला कळत होतं की हे चुकीचं आहे. पण घाबरलेल्या बाईशी कोण वाद घालणार, आणि खरं सांगायचं तर भिंतींची शेकडो भोकं वाचत होती. मी मान डोलावली. पाच दिवसांत पेट्या चिकटवल्या आणि डिंक पुरता सुकायच्या आत पोचवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला. आवाज अगदी बारीक. झाकणं उघडी होती. बाराही.

मला वाटलं, काकू फिरक्या लावायला विसरल्या. मी गेले, जनावरं गोळा केली, फिरक्या स्वतः आवळल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी प्रत्येक झाकणावर चिकटपट्टी लावून आले. चौथ्या दिवशी पट्ट्या सोलून, नीट घडी घालून टेबलावर ठेवलेल्या होत्या.

वेन-च्यू तोवर आईकडे आली होती, दिवस भरत आलेले. ती मला म्हणाली की तुमच्या पेट्या भिकार आहेत, मी उद्यापर्यंतच वाट बघेन. तेवढ्यानं माझं डोकं फिरलं. माझ्या हातची पेटी आपोआप उघडत नाही. मी म्हटलं, उद्या मी इथेच बसते.

पंचांगातला सातवा महिना, भुतांचा, चालू होता. दुपारी तीनला गल्लीतल्या सगळ्यांनी दारापुढे टेबलं मांडली होती. उदबत्त्या, कोंबडी, फळं. काकू आणि वेन-च्यू बाहेर नैवेद्य मांडत होत्या. मी सरांच्या खोलीत स्टुलावर बसले. तिथे जाड पडदे कायम ओढलेले असत, जनावरांना उजेड सोसत नाही म्हणून. बाहेर टळटळीत ऊन आणि आत विहिरीच्या तळासारखा अंधार. ओल्या मातीचा वास, उदबत्तीचा वास, आणि त्याखाली आणखी एक वास, गोडसर, डोक्यात जाणारा. तो कशाचा ते मला लगेच आठवेना.

माझ्या हातात जांभळ्या उजेडाची विजेरी होती. तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळे चमकतात. चारही आपापल्या पेटीत चमकत होते. मी विजेरी तशीच पेटती मांडीवर ठेवली आणि थांबले.

कट्…

पहिल्या पेटीची फिरकी. मी पाहिलं, ती सावकाश फिरत होती. घाई नव्हती, धडपड नव्हती. रोजचं काम करणारा माणूस फिरवतो तशी. मग दुसरी फिरकी. मग झाकण वर आलं आणि बाजूला जाऊन हलकेच टेकलं.

कट्… कट्…

दुसरी पेटी. तिसरी.  दार चार पावलांवर होतं आणि मला उठता येत नव्हतं. कोळी पेटीच्या काठावर येऊन नुसते थांबत होते. पळत नव्हते. वर्गातून बाहेर काढलेली पोरं दाराशी उभी राहतात तसे. आणि मधला मोठा विंचू उजेडात चमकत असताना त्याच्यावरून काहीतरी गेलं. तेवढ्यापुरता तो दिसेनासा झाला, पुन्हा दिसला.

सहाव्या पेटीशी आवाज थांबला. बराच वेळ काही नाही. मग झाकणावर, माझ्याकडे तोंड असलेल्या बाजूला…

टक्. टक्. टक्.

मला रडू आलं. भीतीनं नाही, लाजेनं. कारण तो वास काय होता ते मला त्या क्षणी कळलं. मी उठले, सहावी पेटी उघडली आणि नाक आत घातलं. डिंकाची वाफ. पाच दिवस तळाशी तशीच बसून राहिलेली. हवा हललीच नव्हती. कोपऱ्यात कोळी पाय आकसून पडला होता. झाकण बंद राहिलं असतं तर बाराही जीव चार दिवसांपूर्वीच गेले असते.

“सर,” मी म्हटलं, “चूक माझी आहे. मला पाच दिवस द्या.”

 त्यानंतर उरलेल्या पेट्या कुणी उघडल्या नाहीत. त्या मी उघडल्या.

वेन-च्यूला मी काय काय सांगितलं ते आठवत नाही. तिनं माझा चेहरा पाहिला आणि पाच दिवस कबूल केले. तेवढे दिवस जनावरं सरांच्या जुन्या बरण्यांत राहिली. मी सगळ्या पेट्या दुकानात परत आणल्या. प्रत्येक पेटीला खाली साठ, वर साठ. भोक एवढंच की कोळ्याचं अंग निघणार नाही. हाताला फोड आले. प्रत्येक कड घासली, आणि दोन दिवस पेट्या पंख्यापुढे ठेवल्या. नाक आत घालून वास आला नाही तेव्हाच सोडल्या.

सहाव्या दिवशी दुपारी वेन-च्यू म्हणाली, आज मीही बसते. पोटावर हात ठेवून ती माझ्याशेजारी खुर्चीत बसली. तीन वाजले, साडेतीन. बाहेर मेलेल्यांसाठी कागदी नोटा जाळल्याचा धूर दाराखालून येत होता. मग कट्… झालं आणि तिनं माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले.

नवव्या पेटीची फिरकी हलत होती. मी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की तीच एक मी अर्धवट फिरवून सोडली होती. ती उघडली नाही. ती घट्ट झाली. मग पहिल्या पेटीपासून बाराव्या पेटीपर्यंत, सावकाश, भोकांच्या ओळीवरून बोट फिरल्यासारखा आवाज गेला… आणि संपला.

माझं मनगट सोडून वेन-च्यू म्हणाली, “बाबा कधी कुणाची स्तुती करायचे नाहीत. मला शाळेत पहिला नंबर आला तरी नाही.”

“ही स्तुतीच होती,” मी म्हटलं.

ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. मग काकूंना हाक मारून म्हणाली की आई, यांना जेवायला वाढ, टर्कीचा भात आण. त्या जेवणासारखं जेवण मी पुन्हा जेवले नाही. दहा दिवसांनी बाळ झालं, मुलगी. भिंतीपलीकडे बारा प्राणी होते आणि पोरगी महिनाभर शांत झोपली. पेट्या पुन्हा कधी उघडल्या नाहीत. सहाव्या पेटीतला तो आकसलेला कोळी वाचला. दोन महिन्यांनी त्यानं कात टाकली आणि आधीपेक्षा मोठा होऊन बाहेर आला. सरांच्या ओळखीच्या पाळणाऱ्यांनी त्या पेट्या पाहिल्या. आज तैपेईपासून ओसाकापर्यंत माझ्या पेट्या जातात आणि आत एकही जनावर गुदमरून गेल्याची तक्रार आजवर आलेली नाही. हे मी मान वर करून सांगते.

एकच गोष्ट मला उलगडलेली नाही. तुमच्यामागे वरच्या फळीवर ती बुटकी पेटी आहे ना, ती कुणाची मागणी नाही. उरलेल्या तुकड्यांची गेल्या आठवड्यात जोडली. रिकामी आहे, झाकण चिकटवलेलं आहे, भोकं अजून पाडलेली नाहीत. तरी सोमवारपासून तिच्या भिंतीवर वाफ धरते. आतून. नाण्याएवढी जागा धुरकट होते, विरते, पुन्हा होते… तुमच्या-माझ्या श्वासाच्या लयीत. सर असते तर बाहेर असते, माझी चूक दाखवत. हे ते नाहीत.

मी रोज ड्रिल हातात घेते. आत जे काही आहे ते गुदमरत असेल तर भोक पाडलं पाहिजे. आणि रोज ड्रिल खाली ठेवते. कारण पहिले दोन दिवस वाफ पलीकडच्या भिंतीवर धरायची. मी ड्रिल उचलायला लागल्यापासून ती माझ्या बाजूच्या भिंतीवर धरते.