फेरी संपवता येत नाही

हे खरं घडलंय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण आमच्या काकांना थापा मारता येत नाहीत. चष्म्यात काचा बसवणारा माणूस तो. डोळ्यांना दिसलं नाही, की "नाही" म्हणून मोकळा.

काकू गेल्यावर दोन महिन्यांत त्यांनी घरची गाडी विकली. एकट्याला कशाला हवी? दुकानात पायी, बाजारात बसने. फक्त रविवारी फोनवरून तासाभरासाठी भाड्याची गाडी घ्यायची, स्वतःच चालवत थोरल्या बहिणीला भेटून यायचं, आणि जिथून घेतली त्याच तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी लावून फोनवरूनच कुलूप घालायचं. मग ती पुढचा माणूस नेणार. आपलं काही नाही, म्हणून कटकट नाही, असं ते सगळ्यांना सांगत सुटले होते. रडले मात्र नव्हते. एकदाही.

त्या रविवारी, दुपारी चार वाजता...

काकांनी गाडी लावली. उतरले. बटण दाबलं.

कुलूप लागेना.

फोनवर ओळ आली : "गाडीत प्रवासी आहे. फेरी संपवता येत नाही."

काकांनी आत वाकून पाहिलं. कुणी नव्हतं.

पण टिकटिक ऐकू येत होती... शेजारच्या सीटची. बसलेल्याने पट्टा लावला नाही की वाजते ती. काकूने जन्मात कधी पट्टा लावला नव्हता. "गळा कापतो मेला," म्हणायची.

काकांनी मदतीच्या नंबरवर फोन केला. एक मुलगी बोलली.

"काका, शेजारी कुणीतरी बसलंय. त्यांना उतरायला सांगा ना."

"कुणी नाहीये इथे."

"अडतीस किलो वजन दाखवतंय, काका..."

काकांनी फोन बंद केला. दवाखान्यात काकूचं शेवटचं वजन त्यांनीच करून घेतलं होतं.

शेजारचं दार उघडून ते नुसते उभे राहिले. पुढचं बुकिंग असलेलं जोडपं लिफ्टपाशी चुळबुळ करत होतं. काकांना ओशाळल्यासारखं झालं. मग नेहमीच्या सुरात त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"उतर गं. लोक खोळंबलेत."

टिकटिक थांबली.

सीटची गादी हळूहळू वर आली...

काकांनी दार लोटून बटण दाबलं. कुलूप लागलं.

काका घरी आले. चहा प्यायले. झोपले. काहीच वाटलं नाही, म्हणाले.

सोमवारी काच घासताना त्यांचा हात थांबला. ते पार्किंग काकूने कधी पाहिलंच नव्हतं. तिथून घर वीस मिनिटं चालत. तिला रस्ता ठाऊक नव्हता. आणि तिला तिथे उतरवून काका एकटेच निघून आले होते. मागे वळूनही न बघता.

आता ते रोज तिथे गाडी घेतात. कुठेच जात नाहीत. शेजारचं दार उघडं ठेवून तासभर बसतात. मग उतरून ते दार लावतात, बटण दाबतात.

कुलूप पहिल्या फटक्यात लागतं.

परवा त्यांच्या मुलीने विचारलं, "बाबा, किती दिवस चालणार हे?"

"मीच तिला उतर म्हणालो ना," काका म्हणाले. "आता ती आपणहून कशी बसेल?"