तिसरं पिंप

पिंप माझ्या हातून सुटलं आणि उतारावरून गडगडत निघालं. त्याच्या मागे मी, माझ्या मागे "अगं, आधी स्वतःला सांभाळ" म्हणत येणारी आई, आणि खाली वळणावर सायकल टेकवून निवांत पाणी पिणारा एक अनोळखी तरुण. त्यानं आरडाओरडा केला नाही की उडी मारून बाजूलाही झाला नाही. बाटलीला झाकण लावलं, दोन पावलं पुढे आला आणि पिंपाला पायानं असं काही वळण दिलं की ते गवतात शिरून मुकाट आडवं झालं.

मी धापा टाकत पोचले तेव्हा तो उकिडवा बसून पिंपाच्या फळ्यांवरून बोटं फिरवत होता. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"याला उन्हात कुणी ठेवलं?" त्यानं विचारलं.

आता, अनोळखी माणसानं तोंड उघडताच जाब विचारावा हे मला मुळीच खपत नाही. मी कमरेवर हात ठेवले. "पिंप आमचं आहे. आम्ही उन्हात ठेवू, नाहीतर पलंगावर झोपवू."

तो हसला – आवाज न करता, नुसता डोळ्यांनी. "पलंगावर चाललं असतं," तो म्हणाला. "उन्हात नको होतं."

मागून पोचलेली आई पदर नीट करायला लागली, कारण तो पराक्रम तिचाच होता. आमच्या आईचा उन्हावर फार विश्वास. गाद्या, उशा, पुस्तकं, सगळं तिला उन्हात घालायचं असतं. बाबांनी वाइनसाठी लाकडाची तीन पिंपं आणली, तेव्हा तिनं ती घासून-पुसून अंगणात मांडली आणि चांगली आठ दिवस वाळवली. लाकूड सुकलं, फळ्या आक्रसल्या, आणि आम्ही पहिल्यांदा पाणी भरून बघितलं तर तळघरभर पूर. त्यातलं सगळ्यात वाईट पिंप मी सुताराकडे घेऊन निघाले होते.

आणि वेळ तर अशी की बोलायची सोय नाही. माझे बाबा जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले. तीन वर्षांपूर्वी एक दिवस दुकान बंद करून घरी आले आणि म्हणाले, आपण उतारावर द्राक्षं लावायची, आपली वाइन आपण करायची. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी खड्डे खणायला उभी राहिली. मीही गावातली नोकरी सोडून आले. या वर्षी पहिलं पीक निघालं आणि तीन टाक्या भरून रस आंबायला ठेवला. चारपाच दिवसांत तो पिंपांत जायलाच हवा होता. आंबणं थांबल्यावर उघड्या टाकीत वाइन टिकत नाही, तिचा सिरका होतो. म्हणजे तीन वर्षं पाण्यात.

तो तरुण पिंपं बनवणारा निघाला. सायकलच्या मागे अवजारांची पेटी बांधलेली होती. डोंगरापलीकडच्या एका मोठ्या वाइन कारखान्यात दोन वर्षांच्या कामावर निघाला होता आणि सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. मधे आठ दिवस मोकळे होते. आईनं त्याला चहा पाजला आणि मोकळे दिवस आमच्या नावावर करून घेतले. बाबांनी वरची खोली दिली. आमच्या घरात त्याचं नाव त्या दिवसापासून 'पिंपवाला' पडलं.

तो कामाला बसला की बघत राहावंसं वाटायचं. लोखंडी पट्ट्या ठोकून ठोकून खाली सरकवायचा, फटींत वाळलेल्या लव्हाळ्याची पाती दाबायचा, मग पिंपात कढत पाणी ओतून फळ्यांना फुगायला वेळ द्यायचा. ठोकताना ओठ मिटलेले, कपाळावर घामाचा एकच थेंब. माझं काम शेजारच्या टाक्यांवर. रस आंबायला लागला की द्राक्षांच्या साली वर येतात, त्या दिवसातून तीनदा लाकडी दांड्यानं खाली दाबायच्या. माझे हात कोपरापर्यंत जांभळे झाले होते. मी ते ओढणीत लपवायला लागले, तेव्हा आईनं माझ्याकडे निरखून बघितलं आणि नाक मुरडलं. आजवर मी काही लपवत नव्हते ना.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेर बारीक पाऊस लागला. तळघरात द्राक्षांचा, ओल्या लाकडाचा गोड, जड वास भरून राहिला होता... नुसता श्वास घेतला तरी डोळे मिटावेत असा. त्यानं हातोडी खाली ठेवली आणि मला म्हणाला, "तुम्ही कधी टाकीला कान लावलाय?"

"कशाला? ती काय गाणं म्हणते?"

"लावून बघा."

एका बाजूनं मी कान लावला, दुसऱ्या बाजूनं त्यानं. आत बारीक सळसळ चालली होती, हजार जण एकदम कुजबुजत असल्यासारखी. लाकूड गालाला कोमट लागत होतं. खिडकीबाहेर पाऊस, आत ती कुजबुज, आणि टाकीच्या पलीकडून – हळू – त्याचा आवाज.

"काय म्हणतेय?"

"तुला ऐकू येत नाही का?" मी म्हटलं. म्हटलं आणि जीभ चावली. 'तुला' कधी तोंडातून गेलं, माझं मलाच कळलं नाही.

मग तो म्हणाला, "मला येतंय. तुला येतंय का, ते विचारतोय."

त्या संध्याकाळी मी जेवले काय नि नाही काय, मला काही आठवत नाही.

पाचव्या दिवशी दोन पिंपं तयार झाली आणि दोन टाक्या त्यांत रिकाम्या झाल्या. उरलं ते उतारावरून पळालेलं, तिसरं. पिंपवाल्यानं ते पाण्यानं काठोकाठ भरलं आणि जेवताना बाबांना सांगितलं, उद्या सकाळी खालची फरशी कोरडी दिसली की वाइन भरायची. मग तो निघणार होता, कारखान्यापर्यंत सायकलनं दोन दिवसांचा रस्ता होता. बाबा खूश झाले. मी मात्र ताटातला भात नुसता चिवडत राहिले.

सकाळी सगळ्यांच्या आधी मी तळघरात गेले. फरशी कोरडी ठणठणीत होती. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. मला एवढं बोलता येतं, अख्ख्या घराशी वाद घालता येतो, पण 'तू जाऊ नकोस' एवढे तीन शब्द काही केल्या जमत नव्हते. कोपऱ्यात पाण्याचा तांब्या होता. मी तो पिंपाखाली ओतला.

पिंपवाला आला. वाकला, ओल्या फरशीला बोट लावलं, पिंपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी साळसूदपणे खिडकीबाहेर बघत होते.

"गळतंय," तो म्हणाला. "अजून एक दिवस लागेल."

तो दिवस आम्ही द्राक्षांच्या ओळींमधून हिंडण्यात घालवला. पानं तांबडी व्हायला लागली होती. तो मला फळ्यांचं लाकूड कसं निवडतात ते सांगत होता, मी ऐकत होते आणि नव्हतेही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तांब्या ओतला. त्यानं पुन्हा बोट लावलं, पुन्हा म्हणाला, अजून एक दिवस. संध्याकाळी पायरीवर बसलो तेव्हा त्यानं माझा जांभळा हात स्वतःच्या हातात घेतला, तळवा उलटा करून बघितला आणि विचारलं, "हा रंग जातो का गं?"

"दोन महिने तरी नाही," मी म्हटलं.

"बरं झालं," तो म्हणाला आणि हात सोडायचं विसरला. मी आठवण केली नाही.

तिसऱ्या सकाळी मी पाणी ओतलं आणि सहज शेजारच्या टाकीला कान लावला. आत काही नव्हतं. साली तळाशी बसल्या होत्या आणि एक तिखट, नाकाला झोंबणारा वास वर येत होता. मला तो वास ओळखू आला – सिरक्याचा.

मागे वळले तर बाबा जिन्यात उभे. त्यांनाही वास आला होता. ते येऊन टाकीशेजारच्या स्टुलावर बसले. पिंपवाला आणि आईही मागोमाग आले.

"आज भरता आली नाही तर ओतून द्यावी लागेल," बाबा म्हणाले. कुणावर रागवत नव्हते, हीच तर पंचाईत. "माझंच चुकलं. घड्याळं बरी होती. आपल्याला जे येतं ते माणसानं करावं. तुम्हा दोघींना उगीच यात ओढलं."

बाबांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी गप्प बसले तर तो अजून एक दिवस राहिला असता, आणि बोलले तर आत्ता निघाला असता. सोमवारला दोनच दिवस होते. मी बोलले.

"बाबा, पिंप गळत नाहीये. तीन दिवस रोज सकाळी पाणी मीच ओततेय." मी कोपऱ्यातल्या तांब्याकडे बोट दाखवलं. "हा जाऊ नये म्हणून."

आईनं तोंडावर हात ठेवला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग पिंपवाला पुढे आला, कानाच्या पाळ्या लालभडक.

"तिच्यापेक्षा माझी चूक मोठी आहे," तो बाबांना म्हणाला. "गळणाऱ्या पिंपाचे सांधे ओले असतात. याचे पहिल्या दिवसापासून कोरडे आहेत. मला त्याच सकाळी कळलं होतं. टाकी अजून दोन दिवस तग धरेल असं मी धरून चाललो... कामाच्या बाबतीत असं मी आजवर कधी केलं नाही."

बाबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग उठले. "आधी भरा," एवढंच म्हणाले.

दुपारपर्यंत आम्ही सगळे राबलो. पिंपातलं पाणी सोडलं, साली पिळल्या, बादलीमागून बादली वाइन आत गेली. आई गाळणं धरून उभी होती. शेवटी बाबांनी पेलाभर काढली, उजेडात धरली, घोट घेतला आणि डोळे मिटून किती वेळ तसेच राहिले.

"वाचली," ते म्हणाले. "बाकीच्या दोघींपेक्षा जरा आंबट राहील, पण वाचली." मग पेला आईच्या हातात देऊन माझ्याकडे वळले. "मला नुसतं सांगितलं असतंस तर मी चौथं पिंप करायला दिलं असतं की गं."

मी तेव्हा रडले. आईनं मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाली, आता इथं रडत बसू नकोस, तो वर पेटी बांधतोय.

तो अंगणात सायकलजवळ होता. दोरीची गाठ त्याच्याकडून बसत नव्हती, पुन्हा पुन्हा सोडत होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. एकदाचं म्हटलं. "पिंपासाठी नाही. बाबांसाठी नाही. मला तू इथं हवायस."

त्यानं दोरी हातातून सोडली. "या उतारावर नव्या बागा लावलेली सात घरं आहेत," तो हळूच म्हणाला. "परवाच मोजली. सगळ्यांनाच पिंपं लागतील. पण तू काही बोलल्याशिवाय... मी कुठल्या तोंडानं राहणार होतो?"

मला हसू आलं, आणि रडूही थांबेना. त्यानं खिशातून फोन काढला आणि कारखान्याला लावला. सोमवारी येणं जमणार नाही म्हणाला, इथलं काम लांबलंय. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यानं फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"किती दिवस, असं विचारतायत. काय सांगू?"

"सगळे," मी म्हटलं.